स्लीव्ह झाली, वजन परत आलं, वर छातीत आग. आता पुढची सर्जरी कुठली?

चिंचगुळी
नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, मुक्काम नाशिक. २०१७ मध्ये स्लीव्ह (वजनासाठी जठर कापून बारीक करायचं ऑपरेशन) करून घेतली तेव्हा वजन ११८ होतं. दीड वर्षात ७६. शुगरच्या गोळ्या सुटल्या, घोरणं थांबलं, भावाच्या लग्नात नऊवारी नेसून मिरवून घेतलं. मग २०२० पासून किलो-किलोने परत यायला लागलं आणि आज सकाळी काटा १०४ दाखवतोय.

पण खरं सांगायचं तर वजनापेक्षा जळजळीने जीव नकोसा केलाय. आडवी झाले की कडू-आंबट पाणी घशाशी येतं. तीन उशा रचून जवळजवळ बसूनच झोपते. उशाशी गुलाबी औषधाची बाटली असते, तिला धाकटा 'आईची लस्सी' म्हणतो. अ‍ॅसिडिटीची गोळी सकाळ-संध्याकाळ चालूच आहे.

तीन सर्जनना दाखवलं. पहिले म्हणाले जठराचा मोठा बायपास (रू-एन-वाय). दुसरे म्हणाले कशाला एवढा खटाटोप, मिनी बायपास करू, कमी वेळात होतं, पॅकेजही कमी. तिसऱ्यांनी सांगितलं 'साडी' (SADI) करा. मला वाटलं माझी गंमत करतायत, पण तसं नावाचं ऑपरेशन खरंच असतं म्हणे. नवऱ्याचं म्हणणं, आता सर्जरी बास, ते नवीन इंजेक्शन घे. आणि सासूबाईंचं म्हणणं तुम्हाला माहितीच आहे.

एकदा फेल गेलेल्या माणसाने काय निवडावं? कुणी यातून गेलंय का?

टग्या_ठाणेकर
मिनी. डोळे झाकून मिनी.

माझी स्लीव्ह २०१४ ची. १४२ वरून ९८, परत १२९. २०२१ ला मिनी केली, आज ९५. चौथ्या दिवशी घरी, पंधराव्या दिवशी ऑफिस. लोणावळ्याला भुशी डॅमच्या पायऱ्या चढून गेलो जे आयुष्यात जमलं नव्हतं. किंमत म्हणाल तर केस भरपूर गळले आणि हिमोग्लोबिन ९ वर गेलं होतं, दोनदा लोहाचं सलाइन घ्यावं लागलं. पण वर्थ इट.

रानजाई
'साडी' वाचून चहा नाकातून आला =))

निवृत्त_मास्तर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एकदा पोट कापून घेतलंत, परत लठ्ठ झालात, आता परत कापणार. आमच्या वेळी माणसं बाजरीची भाकरी खायची आणि चार कोस चालायची. जीभ आवरली नाही तर कितीही कापा, काय फरक पडणार?

उपवासाची_भगर
@मास्तर, आपल्या वेळी हेमाडपंती देवळंही नवीन होती का हो? ताईंनी प्रश्न सर्जरीचा विचारलाय, प्रवचनाचा नाही.

न्यूजर्सीची_माई
चिंचगुळी, ती 'साडी' माझ्या अंगावर आहे :) म्हणजे २०२२ ला करून घेतली. स्लीव्ह आहे तशीच राहते आणि तिच्या खालून आतडं आखूड करून जोडतात, शेवटचं तीनेक मीटरच अन्नाच्या वाट्याला येतं. माद्रिदच्या सर्जननी २००७ ला सुरू केली होती. वजन सपाट्याने गेलं, ५२ किलो. शुगर गायब.

आता दुसरी बाजू, जी फोटोंमध्ये दिसत नाही. दिवसातून चार-पाच वेळा संडास. तूप-तळण जरा जास्त झालं की वास असा की घरातले खिडक्या उघडतात, आणि इथे जानेवारीत खिडक्या उघडणं म्हणजे काय ते समजून घ्या. ए, डी, ई, के चारही व्हिटॅमिनं वेगळी घ्यायची, प्रोटीन मोजून खायचं, दर सहा महिन्यांनी रक्त. एकदा व्हिटॅमिन ए इतकं उतरलं की संध्याकाळी गाडी चालवताना दिसेना. ज्याला गोळ्या वेळेवर घ्यायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

मला जळजळ अजिबात नव्हती हे मात्र लक्षात घ्या.

खडीसाखर
मी बेरिअ‍ॅट्रिक (लठ्ठपणाचा) सर्जन नाही, पोटविकारवाला आहे, दुर्बिणी घालणं हा धंदा. सर्जरी बिघडल्यावर लोक माझ्याकडे येतात म्हणून थोडं सांगतो.

पहिली गोष्ट, 'कुठली सर्जरी' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न 'पहिलीचं नेमकं काय झालं'. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि उरते ती केळ्याएवढी नळी. ती नळी वर्षानुवर्षं ताणून फुगली का? वरचा फुगीर भाग काढताना थोडा राहून गेला का? मध्येच कुठे पीळ किंवा आवळलेली जागा आहे का? का नळी जशीच्या तशी आहे आणि खाणं बदललं? हे दुर्बीण आणि बेरियम गिळून काढलेले फोटो बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. तिघांपैकी कुणी दुर्बीण केली का?

दुसरी गोष्ट जळजळ. स्लीव्हनंतर तयार होते ती अरुंद, जास्त दाबाची नळी. खालचं दार (पायलोरस) शाबूत, त्यामुळे दाब वर ढकलला जातो. हे काही विरळा नाही. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपासवाल्यांची दहा वर्षं तुलना केली, २०२२ मध्ये छापून आलं. अन्ननलिकेला सूज स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के, बायपासवाल्यांत ७.

आता तुमच्या पर्यायांकडे या. साडीत स्लीव्ह तशीच राहते, म्हणजे जळजळीचं घर तसंच. परत स्लीव्ह करून नळी अजून बारीक करणं तर आगीत तेल. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो आणि पित्त त्या जोडावरूनच वाहत जातं, काहींच्या बाबतीत ते वर पोटात आणि तिथून अन्ननलिकेत येतं. ज्यांची अन्ननलिका आधीच सुजलेली आहे त्यांना हा धोका का द्यायचा? रू-एन-वायमध्ये वाय अक्षरासारखी जोडणी असते, अन्नाची वाट वेगळी, पित्ताची वेगळी, आणि दोन्ही जवळजवळ मीटर-दीड मीटर खाली भेटतात. म्हणून जळजळीला तोच चांगला. वजन मात्र दुसऱ्या खेपेला पहिल्याइतकं उतरत नाही, ती आशा धरून जाऊ नका.

आणि एक विचारायचं राहिलं. सिगारेट, तंबाखू, मिश्री, काही?

टग्या_ठाणेकर
डॉक्टर, माझ्या मिनीला पाच वर्षं होत आली, पित्तबित्त काही नाही. उगाच घाबरवताय. फ्रान्समध्ये मोठा ट्रायल झालाय, मिनी आणि रू-एन-वाय वजनात सारखेच.

खडीसाखर
@टग्या, बरोबर, २०१९ चा. वजनात सारखेच, पण त्याच ट्रायलमध्ये मिनीवाल्यांना जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी जास्त होत्या, तुमचं ९ हिमोग्लोबिन त्याच खात्यातलं. शिवाय तुम्हाला आधी जळजळ होती का?

टग्या_ठाणेकर
नव्हती. ठीके, एक पॉइंट तुम्हाला.

कोकणी_रेडा
रू-एन-वाय मधला रू म्हणजे रुपये का हो?

खडीसाखर
रू नावाचे स्विस सर्जन होते. पण तुमचा अर्थही चुकीचा नाही.

रानजाई
आता मी नीट लिहिते. माझा रू-एन-वाय आहे, स्लीव्हवरून बदललेला, २०१९. कारण तुमचंच, जळजळ. ऑपरेशननंतर आठवड्याभरात मी पहिल्यांदा सपाट झोपले. एका उशीवर. उठून नवऱ्याला हलवून सांगितलं, तो म्हणाला झोप गं.

पण डंपिंग काय असतं ते ऐका. पहिल्या वर्षीची होळी. जाऊबाईंनी पुरणपोळी केली, मी म्हटलं अर्धीच घेते. अर्धी कसली, चतकोर खाल्ली असेल. दहा-पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, कानात शिट्ट्या, पोटात मुरडा. पंगतीतून उठून माजघरात फरशीवर गालाने पडले होते कारण फरशी गार होती. सासरे म्हणाले अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. अर्ध्या तासात आपोआप उतरलं. गोड एकदम आतड्यात उतरतं ना, ते शरीराला झेपत नाही. आता गणपतीत उकडीच्या मोदकाची कळी तोडून जिभेवर ठेवते आणि नमस्कार करते.

वजन? १०१ वरून ८४. जग जिंकलं नाही. पण झोप जिंकली.

उपवासाची_भगर
अवांतर : चतुर्थी-एकादशी करता का तुम्ही लोक? साबुदाण्याचं काय होतं?

रानजाई
साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, चिकट गोळा. मला दोन चमच्यांच्या वर जात नाही आणि गेला तर डंपिंग. भगर आणि दाण्याची आमटी चालते. तुमचं नाव सार्थ आहे :)

न्यूजर्सीची_माई
मी देवाला सांगितलंय, बाबा रे, आतडं कमी, उपवासही कमी.

चिंचगुळी
सगळ्यांचे आभार. इतकं कुणी तिन्ही ठिकाणी मिळून सांगितलं नव्हतं. दुर्बीण फक्त पहिल्यांनी लिहून दिलीय, अजून केली नाही. बाकी दोघांनी सरळ तारीख विचारली.

मास्तरांना उत्तर देते, कारण त्यांनी लिहिलं ते घरातही ऐकते. स्लीव्हनंतर पोळी अडकते. भाकरी अडकते. चिकनचा तुकडा अडकला की तोंडाला पाणी सुटतं, फेस येतो, बेसिन गाठावं लागतं. पण चहात बुडवलेलं ग्लुकोज बिस्कीट सुळकन जातं. लॉकडाऊनमध्ये घरून काम, मुलांची शाळा मोबाइलवर, सासरे आजारी, रोज अकराला आणि चारला चहा आणि आठ बिस्किटं. पोट भरल्याचं कळतच नाही. कुरमुरे, चिवडा, आइस्क्रीम, सगळं असंच घसरून जातं. स्लीव्हने मला भाकरी सोडायला लावली आणि बिस्किटं ठेवली. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर. जिथे केली तिथे सहा महिन्यांनंतर आहारतज्ज्ञ बदलल्या, मग फोन यायचे बंद झाले, मीही जायचं बंद केलं. चूक माझीही आहे, नाही म्हणत नाही.

निवृत्त_मास्तर
भाकरी अडकते हे मला ठाऊक नव्हतं. तरी चालणं सोडू नका एवढं म्हणतो.

भटक्या_सांगली
'फेल' या शब्दाला माझा आक्षेप. ११८ होतात, आज १०४. मधली पाच-सहा वर्षं शुगरशिवाय काढलीत. सर्जरी केली नसती तर आज १३० असतात, ते कोण मोजणार? ब्लडप्रेशरची गोळी बंद केल्यावर प्रेशर वाढलं तर गोळी फेल म्हणतो का आपण?

कोकणी_रेडा
पण गोळीसाठी पोट कापत नाहीत भाऊ.

हळदीकुंकू
इंजेक्शनचं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी टिर्झेपटाइड (माउंजारो) घेतेय, स्लीव्हनंतर वजन परत आलं म्हणूनच. २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची वायल (कुपी) ४३७५ रुपयांना होती, आठवड्याला एक. म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. मी नऊ महिन्यांत ९७ वरून ८३. डोक्यातला खाण्याचा रेडिओ बंद होतो, हे अनुभवल्याशिवाय कळत नाही. बिस्किटाचा पुडा समोर असतो आणि आपण वर्तमानपत्र वाचत असतो!

वाईट बाजू : मळमळ, बद्धकोष्ठ, आणि बंद केलं की वजन परतीच्या गाडीत बसतं. मधे दोन महिने पैशाअभावी थांबवलं तर पाच किलो आले.

खडीसाखर
@हळदीकुंकू, छान लिहिलंत. मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलेलं आहे, हे औषध हलक्यात घेण्यासारखं नाही. ज्यांची तक्रार फक्त वजनाची आहे त्यांनी दुसऱ्या सर्जरीआधी याचा विचार जरूर करावा, कारण दुसऱ्या सर्जरीत लीक (जोडातून गळती) आणि रक्तस्रावाचा धोका पहिलीपेक्षा जास्त असतो. आधीच्या टाक्यांमुळे सगळं चिकटलेलं असतं. पण चिंचगुळींच्या जळजळीचं मूळ नळीत असेल तर इंजेक्शनने ते सुटत नाही, उलट पोट हळू रिकामं होतं म्हणून काहींना वाढते. थायरॉइडच्या मेड्युलरी कॅन्सरची घरात हिस्टरी असेल तर घ्यायचंच नाही.

मिश्रीचं उत्तर राहिलं.

विमावाला_कोल्हापूर
पैशाचं बोलूया. हेल्थ पॉलिसीत लठ्ठपणाच्या सर्जरीची अट छापलेली असते : वय १८ किंवा जास्त, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत गंभीर हृदयविकार, तीव्र स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात न येणारा डायबेटिस, आणि आधी साधे उपाय करून झालेले. ताईंचा बीएमआय मी काढला, ४२. म्हणजे दारातून आत. पण दुसऱ्या खेपेची सर्जरी म्हटलं की कंपनी शंभर प्रश्न विचारते. अ‍ॅडमिट होण्याआधी प्री-ऑथ (कंपनीची आगाऊ मंजुरी) लेखी घ्या, पहिल्या सर्जरीचं डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट्स जोडा, आणि काही म्हणजे काही लपवू नका. व्यसनाच्या रकान्यात खोटं लिहिलेलं नंतर फार महागात पडतं. माझ्या एका क्लायंटचा सव्वातीन लाखांचा क्लेम असाच अडकला होता.

टग्या_ठाणेकर
ऑपरेशन नोट्स +१. माझ्या आधीच्या हॉस्पिटलने त्या द्यायला सात आठवडे लावले, शेवटी तिथे जाऊन बाकावर बसलो डबा घेऊन, तेव्हा मिळाल्या.

रानजाई
@टग्या, डब्यात काय होतं ते महत्त्वाचं.

टग्या_ठाणेकर
पनीर भुर्जी. मोजून शंभर ग्रॅम. आधी प्रोटीन, मग बाकी.

चिंचगुळी
तीन आठवड्यांनी येतेय. दुर्बीण झाली, बेरियमही झालं.

बेरियम म्हणजे खडू घोळलेलं पाणी, उभं राहून प्यायचं आणि तो मशिनवाला 'गिळा… थांबा… गिळा' म्हणतो. स्क्रीनवर माझी नळी दिसली. फुगलेली नाही म्हणे! मला इतके दिवस वाटत होतं मी खाऊन खाऊन फुगवली. पण जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलाय, हायटस हर्निया. आणि अन्ननलिकेला सूज, ग्रेड बी. तुकडा तपासायला पाठवला होता, कॅन्सरकडे झुकणारं काही नाही. तो रिपोर्ट येईपर्यंतचे सहा दिवस कसे काढले माझं मला माहीत.

दुसऱ्या सर्जनना रिपोर्ट दाखवले तर ते स्वतःच म्हणाले, आता मिनी नको. हे त्यांचं मला आवडलं. तिसऱ्यांकडे गेलेच नाही. पहिल्यांकडे रू-एन-वाय आणि सोबत हर्नियाची दुरुस्ती ठरलीय. त्यांनी स्वच्छ सांगितलं, पंधरा किलो उतरले तर आनंद माना, पण उशा काढून टाकाल. पुढे वजनासाठी लागलं तर इंजेक्शन नंतर बघू.

तारीख मात्र मिळाली नाही. त्याचं कारण लिहायला मला दोन दिवस लागले.

डॉक्टर, तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोनदा पुढे गेले. मिश्री. हो. सकाळी आणि रात्री, कधीकधी दुपारीही. एकोणीस वर्षांची होते, दाढ दुखायची म्हणून मावशीने लावून दिली, ती राहिलीच. नवऱ्याला माहीत आहे, बाकी कुणाला नाही. ऑफिसात लॅपटॉपच्या बॅगेत डबी असते. २०१७ च्या फॉर्मवर 'व्यसन : नाही' असं माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. या वेळी विमावाल्या दादांचं वाचून खरं लिहिलं, तर सर्जन पेन खाली ठेवून म्हणाले, आधी ही बंद, मग तारीख.

खडीसाखर
लिहिलंत हे फार बरं केलंत. बायपासमध्ये आतडं जिथे जोडतात तिथे तंबाखूवाल्यांना अल्सर होतो, तो फुटूही शकतो. कारणं मुख्य दोन, तंबाखू आणि पेनकिलर, म्हणून अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत. आणि निकोटिनने अन्ननलिकेची खालची झडप सैल पडते. म्हणजे तुमच्या रात्रीच्या पाण्यात त्या डबीचाही वाटा आहे.

उपवासाची_भगर
माझ्या आईची मिश्री साठाव्या वर्षी सुटली. पहिले आठ-दहा दिवस घरात कुणी बोलायचं नाही तिच्याशी, भांडी आदळायची. मग सुटली. तुम्हीही भांडी आदळा, स्टीलची असतात, काही होत नाही.

निवृत्त_मास्तर
मी तपकीर ओढायचो, बावीस वर्षं. वर जीभ आवरण्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो.

कोकणी_रेडा
मास्तर!!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

हळदीकुंकू
किती दिवस बंद ठेवायला सांगितलीय?

चिंचगुळी
सर्जरीआधी निदान सहा आठवडे, आणि नंतर कायमची. आज अकरावा दिवस. काल बॉसवर ओरडले, परवा धाकट्यावर. डबी फेकवली नाही, घासून घासून धुतली आणि तिच्यात वेलदोडे भरलेत. झाकण उघडलं की आधी वेलदोड्याचा वास येतो आणि मागून तिचा.

खडीसाखर
वेलदोडे चालतील. पुदिन्याच्या गोळ्या तेवढ्या नकोत, त्यानेही झडप सैल पडते.

चिंचगुळी
अरे देवा. कालच पाकीट आणलंय. धाकट्याला देते.